दहा नावांची शाळा

कवठखेडीत एखादी गोष्ट पुंडलिकरावांच्या आधी गावाला कळली, की त्या गोष्टीचं काही खरं नसायचं. गोष्ट भली असो की बुरी, पुंडलिकराव तिच्या विरोधात. गावात सौरदिवे आले तेव्हा ते विरोधात होते, कारण सरपंचानं त्यांना आधी विचारलं नव्हतं. आणि दिवे बसवायला माणसं आली तेव्हा पहिला दिवा आपल्याच दारासमोर लागला पाहिजे म्हणून खांबाला मिठी मारून उभे राहिले तेही तेच. माणूस मनाचा वाईट नव्हता हो. फक्त त्याला विचारलेलं फार आवडायचं.

तर मे महिन्यातली सकाळ. गावच्या बंद शाळेच्या वऱ्हांड्यात पुंडलिकराव आणि त्यांची बायको अनुसयाबाई भेंडी निवडत बसले होते. कवळी भेंडी एका कॅरेटमध्ये, जून दुसऱ्यात. ते सगळं आर्वीच्या बाजारात न्यायला त्यांचा मुलगा शुभम गाडी घेऊन यायचा होता. अनुसयाबाईंनी एक भेंडी मोडून पाहिली आणि सहज म्हटलं, "शाळा चालली म्हणते भाड्यानं. आर्वीच्या हेमराजजीच्या कॉन्व्हेंटले. तीस वर्सासाठी."

"कोण म्हणते?"

"गाव म्हणते. बेस्तरवारी ग्रामसभा आहे."

"अन् मले काऊन नाई सांगतलं कोणी?"

"तुमाले सांगतलं असतं तं काय केलं असतं?"

"इरोध केला असता!"

"मंग आता करा नं. उशीर थोडीच झाला," अनुसयाबाई म्हणाल्या आणि जून भेंडी नवऱ्याच्या बाजूला फेकली.

पुंडलिकराव तिथल्या तिथे उठून उभे राहिले. विरोध बसून करता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

आता ही शाळा बंद होऊन दोन वर्षं झाली होती आणि बंद शाळेला गावात जेवढी कामं असतात तेवढी चालू शाळेला कधीच नसतात. पहिलीच्या वर्गात गणपती मंडळाचा मांडव ठेवलेला. दुसरीच्या वर्गात लग्नाचं वऱ्हाड उतरायचं. वऱ्हांड्यात पुंडलिकरावांची भाजी. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवलेला होता, त्यात 'आपण इथं राहतो' म्हणून पोरांनी बोट लावून लावून वर्धा जिल्हा पार पुसून टाकला होता. आणि या सगळ्याचे अध्यक्ष पुंडलिकराव. मुलगा शुभम चौथीत होता तेव्हा ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झाले. नियमानं अध्यक्ष पालक पाहिजे. पण शुभम चौथी पास झाला, त्याला मिशा आल्या, त्याचं लग्न झालं, त्याला पोरगी झाली, तरी अध्यक्ष तेच. कोणी काढलं नाही आणि ते स्वतः तर जाणार नव्हतेच. पुढे शाळा बंद झाली, समिती गेली, पण गाव अजूनही त्यांना 'अध्यक्ष' म्हणूनच हाक मारायचं. काही जण मानानं, बरेचसे गमतीनं. पुंडलिकराव दोन्हीला सारखीच ओ द्यायचे.

शाळा बंद कशी झाली ते मात्र गावात कोणी त्यांच्यासमोर काढत नसे.

झालं होतं असं. गावातल्या लोकांनी एकेक करून पोरं कॉन्व्हेंटमध्ये टाकली. आमच्याकडे इंग्रजी शाळा म्हटलं की कॉन्व्हेंट, मग ती कोणाचीही असो. सकाळी पिवळी व्हॅन यायची, पोरं टाय लावून आत कोंबली जायची, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली सहा पोरं. पट दहाच्या खाली गेला तर शाळेवर गंडांतर, म्हणून अध्यक्षांनी डोकं चालवलं. अल्लीपूरला साळ्याची दोन नातवंडं होती, त्यांची नावं इथं टाकली. गावातली व्हॅननं जाणारी चार पोरं इथंही टाकली. त्या चारांत एक त्यांची स्वतःची नात आचल. सुनेला, म्हणजे आचलच्या आईला, सपनाला विचारलंसुद्धा नाही. पालकाच्या जागी स्वतःच ठसठशीत सही ठोकून दिली. कागदावर पट झाला बारा, आणि अध्यक्ष मिशीवरून हात फिरवत हिंडू लागले.

तपासणीच्या दिवशी साहेब येणार हे कळल्यावर त्यांनी अल्लीपूरची दोन नातवंडं आदल्या दिवशीच आणून ठेवली. सकाळी व्हॅन रस्त्यातच अडवली, चार पोरं उतरवली, त्यांचे टाय-बेल्ट काढून स्वतःच्या पिशवीत भरले आणि त्यांना आणून वर्गात बसवलं. सहा वर्षांची आचल पहिल्या रांगेत. साहेबांनी पाचाचा पाढा विचारला, पोरांनी म्हटला. साहेब खूश. अध्यक्ष त्यांच्याहून खूश. तेवढ्यात आचलला लघवीला लागली.

आमच्या शाळेत पोरांना लघवीला लागली की करंगळी वर करायची आणि पळायचं. पण आचल उठली, हात मागे बांधून ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक्सक्यूज मी सर, मे आय गो टू टॉयलेट?"

वर्गातली सहा खरी पोरं तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघायला लागली. शाळेच्या शकुंतलाबाई मॅडमनी डोळेच मिटले. साहेब म्हणाले, "अरे वा! कोणी शिकवलं गं बाळ?"

"माय टीचर. रुचिका मिस."

आता शकुंतलाबाई मॅडम साहेबांच्या पुढ्यातच उभ्या होत्या, आणि त्या कुठल्याच बाजूनं रुचिका मिस नव्हत्या. बारा वाजेपर्यंत आधार कार्डाचे नंबर तपासून झाले. सहा पोरं दोन-दोन शाळांत निघाली. नुसती सहाच दाखवली असती तर दुसऱ्या गावच्या शाळेच्या वाटेत नाला लागतो या कारणावर शाळा ठेवता आली असती, हे साहेबांनी जाताना स्वतः सांगितलं. पण खोटा पट सापडल्यावर कोणाचाच इलाज चालला नाही. मॅडमची बदली झाली. सहा पोरांना पाच किलोमीटरवरच्या रोहण्याच्या शाळेत नाव मिळालं. गावात सगळे म्हणाले, सरकारचं धोरणच तसं आहे. पुंडलिकरावही मान हलवून म्हणाले, हो, धोरणच तसं आहे.

त्या सहांत एक उज्वला. पुंडलिकरावांच्या मळ्यात भेंडी तोडायला येणाऱ्या धुरपताबाईची नात. पहिल्याच पावसाळ्यात नाला भरला, पोरगी आठ दिवस घरी राहिली, मग पंधरा दिवस, मग राहिलीच. धाकटीचं तर नावच घातलं नाही. धुरपताबाई यावर एक शब्द बोलली नाही. रोज सकाळी "राम राम जी" म्हणायची आणि वाफ्यात शिरायची. पुंडलिकराव त्या वेळी मोटार बघायला विहिरीकडे जायचे. मोटार चांगली चालत असायची, पण धुरपताबाईच्या नजरेसमोर उभं राहायला त्यांना होत नसे. पाप मनात घेऊन माणूस किती वेळा विहीर बघणार?

म्हणून त्या सकाळचा विरोध नेहमीचा नव्हता. शाळा तीस वर्षांसाठी गेली की उज्वलाचं शिकणं कायमचंच गेलं, आणि ते आपल्या हातानं गेलं, हे त्यांच्या छातीत रुतून बसलं होतं. अर्थात हे त्यांनी अनुसयाबाईंना सांगितलं नाही. त्यांना फक्त "हे मी होऊ देनार नाई" एवढंच सांगितलं.

"न्हाऊन तं घ्या पह्यले," अनुसयाबाई म्हणाल्या.

दुपारी हेमराजजी स्वतःच घरी आले. आर्वीत बियाण्याचं मोठं दुकान, वर कॉन्व्हेंट, पण माणूस गोड. पायातले जोडे बाहेर काढून, हात जोडून आत आले. "बाबूजी, गावात आलो अन् आधी तुमच्याकडे आलो. तुमाले न विचारता काही करायचं नाही, असं मी ठरवूनच आलो."

झालं. पुंडलिकरावांचा अर्धा विरोध तिथेच विरघळला. त्यांनी पंख्याचं तोंड हेमराजजीकडे वळवलं.

"चारही खोल्या रंगवून टाकतो. संगणक लावतो. नळ घेतो. तुमची आचल तर आमचीच मुलगी आहे, तिला दारातच शाळा होऊन जाईल," हेमराजजी म्हणाले. "अन् स्थानिक सल्लागार समिती करायची आहे. त्याचे अध्यक्ष तुम्हीच पाहिजेत."

पुंडलिकरावांचा चहाचा कप हवेत थांबला. अध्यक्ष! या शब्दानं माणसाचं काय व्हायचं ते त्यांचं झालं. त्यांनी दोन घोट घेतले. मग कसंबसं म्हणाले, "अन् धुरपताची नात? गावची गरीब पोरं? त्यायले फुकट?"

"पंचवीस टक्के जागा गरिबांना, हा तर नियमच आहे बाबूजी. ऑनलाइन फॉर्म भरायचा. नंबर लागला तर बिलकुल फुकट."

"अन् नाई लागला तं?"

हेमराजजी हसले. वाईट हसले नाहीत, दुकानदार उधारी मागणाऱ्याकडे बघून हसतो तसं हसले. "तर मग बघू ना काहीतरी."

दारात सपना उभी होती. हेमराजजी गेल्यावर ती आत आली. सपना बी.कॉम. झालेली, कमी बोलायची, आणि म्हणूनच ती बोलली की सासरा जरा दचकायचा.

"मामाजी, शाळा इथी आली तं मले बरंच आहे," ती म्हणाली. "आचल पावणेसातले व्हॅनमंधी बसते अन् अडीच वाजता उनाची तापून येते. चौदा पोरं कोंबते तो एका व्हॅनमंधी. तुमाले इरोध कराचा असन तं करा. पण आचलले त्यात ओढू नोका. मागच्या खेपेले गावभर हसं झालं होतं माह्या पोरीचं."

"म्या कायले ओढतो," पुंडलिकराव म्हणाले आणि दुपट्टा खांद्यावर टाकून गावात निघाले. बरं झालं सुनेनं त्यांचा चेहरा पाहिला नाही.

दोन दिवस ते घरोघर फिरले. आपलं आणि धुरपताबाईचं घर सोडलं तर गावात त्रेचाळीस घरं. त्रेचाळीस घरांत चहा झाला आणि त्रेचाळीस घरांनी सांगितलं, "अध्यक्ष, तुमी म्हणता ते बराबर आहे. आपली शाळा आपल्यालेच पाह्यजे." शेजारचे लक्ष्मणराव तर म्हणाले, आपण रस्त्यावर उतरू. पुंडलिकराव भारावून गेले. एवढ्या घरांत एकाही घरी त्यांनी हे विचारलं नाही की बाबा, तुझं पोरगं कोणत्या शाळेत जातं? कारण हे विचारलं असतं तर लोकांनीही तेच विचारलं असतं.

गुरुवारी ग्रामसभा भरली ती शाळेतच, कारण पंचायतीच्या खोलीत एवढी माणसं मावत नाहीत. मांडवाचे बांबू एका बाजूला सरकवून सतरंजी टाकली. खुर्च्या तीन. एकीवर सरपंच बंडूजी, दुसरीवर शिक्षण विभागाच्या विस्तार अधिकारी मॅडम, तिसरीवर हेमराजजी. बाया दाराशी बसल्या. त्यांच्यात अनुसयाबाई, सपना, आणि सगळ्यात मागे धुरपताबाई आपल्या सुनेला घेऊन. वरचा पंखा फिरत होता, पण हवा कोणाला देत होता कोणास ठाऊक.

मॅडमनी कागद वाचला. इमारत जिल्हा परिषदेची, ग्रामसभेनं ठराव दिला तर भाडेपट्टा होईल, कोणाला काही म्हणायचं असेल तर बोला. पुंडलिकराव उठले. त्यांनी भाषण दिलं आणि खोटं कशाला बोला, भाषण चांगलं झालं. "आमी पोट्टे होतो तवा या शाळेच्या विटा डोक्यावर वाहल्या. तीस वर्स म्हणजे किती, हे कोणी मोजलं का? उद्या गेट लागन, गेटवर वॉचमन बसन, अन् तुमच्या नातवाले इचारन, कोन पाह्यजे तुले? मंग काय सांगसान?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मणरावांनी दोनदा वाजवल्या.

मॅडमनी शांतपणे दुसरा कागद काढला. "मलाही हेच आवडेल. हा अर्ज आहे, शाळा पुन्हा सुरू करण्याचा. दहा मुलांची नावं आणि पालकांच्या सह्या आज झाल्या, तर भाड्याचा प्रस्ताव मी बाजूला ठेवते आणि जूनमध्ये शाळा उघडायला पाठवते. नाही झाल्या, तर रिकामी इमारत मी किती दिवस अडवून धरू? मग ठराव हेमराजजींचा. सांगा नावं."

आणि काय सांगायचं तुम्हाला! आत्ता टाळ्या वाजवणाऱ्या गावाला एकदम आपापली म्हैस आठवली. कोणी खिशात मोबाइल शोधू लागलं, कोणी छताकडे बघू लागलं. लक्ष्मणराव पायाचं नख खुडत बसले.

मागून धुरपताबाई उठली. "माह्या उज्वलाचं लिहा बाई. अन् धाकटीचं बी. सून सही करते." तिच्या सुनेनं पुढे येऊन हळू हळू दोन सह्या केल्या, आणि दोघी परत जाऊन बसल्या. दोन नावं. बस.

हेमराजजी घसा साफ करून म्हणाले, "धुरपताबाईंचं मी समजू शकतो. पण जे टाळ्या वाजवत होते ना, त्यांची सगळ्यांची मुलं माझ्या व्हॅनमध्ये बसतात. सरपंचसाहेब, तुमचा पियुष बी. अन् अध्यक्षसाहेबांची आचल तर वर्गात पहिली येते." बोलणं अगदी सभ्य होतं. लोक हसले. बायांनी तोंडाला पदर लावले. पुंडलिकराव कानापर्यंत लाल झाले.

ते बसूनही घेऊ शकले असते. हसणं अंगावरून जाऊ द्यायची त्यांना सवय होती. पण त्यांची नजर मागे गेली आणि धुरपताबाई तिथे होती, आणि या खोलीत बघायला विहीर नव्हती. ते उभेच राहिले.

"एक गोष्ट सांगाची राह्यली," ते म्हणाले, आणि आवाज भाषणाचा नव्हता. "शाळा सरकारनं नाई बंद केली. म्या केली. सहा पोरं होते. सहावर बी चालली असती. म्या खोटी नावं टाकली, अन् पकडल्या गेलो, अन् दोन वर्स झाले धोरण धोरण करून राह्यलो. धुरपताबाई, उज्वला घरी बसली ते माह्यापाई."

खोलीत कोणी हसलं नाही. धुरपताबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मले मालूम आहे जी. सांगाले दोन वर्स लागले तुमाले."

बस, एवढंच. पण मग काय झालं कोणास ठाऊक, लक्ष्मणरावांनी नख सोडलं. "माह्या दोनी नातवायचे लिहा," ते म्हणाले, आणि मुलाला कोपरानं ढोसून सहीला पाठवलं. नंतर एक बाई उठली, मग तिची जाऊ उठली, कारण जाऊ उठल्यावर हिला बसवेना. दोघींची मिळून चार. सरपंच बंडूजी कागदावरच्या रेघा मोजत होते, तेव्हा त्यांच्या सुनेनं दारातून नुसतं खाकरलं आणि पियुषचं नाव लागलं. हेमराजजी व्हॅनमधली सीट एकेक करून रिकामी होताना पाहत होते. मॅडमनी मोजलं.

"नऊ."

पुन्हा मोजलं. नऊच. यादीबाहेर कोणी लहान पोर उरलं होतं का, तर उरली होती फक्त आचल. गावातल्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं, आणि प्रत्येक माणूस पुंडलिकरावांकडे बघत होता. कोणीतरी मागून म्हणालं, "अध्यक्ष, अल्लीपूरवाल्यायचं टाका!" आणि हशा पिकला. बंडूजींनी कागद आणि पेन त्यांच्यासमोर सरकवलं. हळूच म्हणाले, "लिहून टाका आचलचं. मांगं बी तुमीच सही केलती. घरचीच तं गोष्ट आहे."

पुंडलिकरावांनी पेन घेतलं. दहाचा आकडा घातला. शाळा त्या एका ओळीवर येऊन थांबली होती. हात सरावाचा होता, सही ठसठशीत यायची, मॅडमनी विचारलंही नसतं. घरी जाऊन सुनेची दोन वाक्यं ऐकली असती आणि झालं असतं सगळं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नऊच आहेत मॅडम," ते म्हणाले. मग वळले. "सपना, मागच्या खेपेले म्या तुले इचारलं नाई. पोरगी तुही, नाव तुह्या पोरीचं, अन् सही माही. आज इचारतो. तू नाई म्हणशीन तं नाई. तुह्यावर बोट नाई ठेवनार कोणी, अन् ठेवलं तं मी पाहीन त्याले."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कोणाला काही विचारत होता. उत्तर काय येईल हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

सपना उठली. सासऱ्याकडे बघितलंच नाही, सरळ मॅडमसमोर गेली. "मॅडम, शिक्षक किती देता?"

"सुरुवातीला एक."

"चार वर्ग अन् एक शिक्षक? दुसरा कधी?"

"मी मागणी करते."

"लिहून द्या. इंग्रजी पहिलीपासून शिकवतीन का? पोरींच्या संडासाले दार नाई, ते कोण लावनार? पाण्याचं काय?"

मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला आणि लिहायला लागल्या. जवळपास दहा मिनिटं सपना विचारत होती आणि एक सरकारी बाई कागदावर लिहून देत होती. हेमराजजी लक्ष देऊन ऐकत होते. त्यांच्या शाळेत कोणी पालक एवढं विचारत नसे. शेवटी सपनानं तो कागद वाचला, घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवला आणि पेन उचललं.

"लग्न होऊन दहा वर्सं झाले मॅडम," सही करता करता ती म्हणाली. "या घरात आज पह्यल्यांदा मले कोणी काई इचारलं."

"मी तं चाळीस वर्सं झाले वाट पाहून राह्यली!" दारातून अनुसयाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या बाया फस्सकन हसल्या.

"पोळ्यापर्यंत दुसरा गुरुजी आला नाई, तं मी आचलले परत व्हॅनमंधी बसवीन," सपना म्हणाली. "तवा कोणी भाषण देऊ नये." हे मॅडमना होतं की सासऱ्याला, ते स्पष्ट झालं नाही. पण दहावं नाव लागलं होतं. पुंडलिकरावांना एकदम धुरपताबाईकडे बघता आलं. ती सुनेशी काहीतरी बोलत होती, उज्वलाचे कपडे लहान झाले असतील असं काहीतरी.

हेमराजजींनी हात झटकले. "बाबूजी, मग माझं काय?"

"तुमाले भेंडी देतो दोन किलो. कवळी," पुंडलिकराव म्हणाले, आणि हेमराजजीसुद्धा हसले.

"आता नवी समिती," मॅडम म्हणाल्या. "अध्यक्ष ठरवा."

"ठरवाचं काय त्यात? आहेत की अध्यक्ष!" चार-पाच आवाज एकदम आले.

पुंडलिकरावांनी दुपट्टा नीट केला. अहो, माणूस आहे. आत्ताच एवढं मोठं काम केलेलं, छाती भरून आलेली. "आता तुमचा आग्रहच असन तं..." ते सुरू झाले.

"तुमचा मुलगा कितवीत आहे?" मॅडमनी विचारलं.

"मुलगा? तो तं गाडी चालवते. भाजीची."

गाव एवढं हसलं की पंख्याचा आवाज ऐकू येईना. मॅडमनी हसू दाबलं. "मग नाही चालणार, काका. अध्यक्ष पालकच पाहिजे, आणि नियमात आई असली तर फार उत्तम."

पुंडलिकरावांचं तोंड उतरलं. वाईट वाटलं त्यांना, लपवून काय उपयोग? बावीस वर्षं लोकांनी ज्या नावानं हाक मारली ते नाव असं सगळ्यांसमोर, हसता हसता काढून घेतलं गेलं. ते खाली बसले. शेजारी जागा नव्हती, तरी लक्ष्मणराव थोडे सरकले. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या. कोणाचं नाव घ्यावं ते कोणाला सुचेना, आणि अध्यक्षांसमोर दुसऱ्याचं नाव घ्यायची कोणाची छातीही होईना.

तेव्हा पुंडलिकराव पुन्हा उठले. उठताना गुडघा दुखला, तो त्यांनी दाबला.

"सपनाचं नाव लिहा," ते म्हणाले. "सूचक मी." मग त्यांना काहीतरी आठवलं, आणि घाईघाईनं ते सुनेकडे वळले. "म्हंजे, तिची इच्छा असन तं."

"अनुमोदन," मागून धुरपताबाई म्हणाली. हा शब्द ती कुठे शिकली देव जाणे.

सपनानं पदर नीट केला, सासऱ्याकडे बघितलं, या वेळी खरंच बघितलं. मग बंडूजींनी आपली खुर्ची पुढे केली ती घेतली नाही, उभ्यानंच म्हणाली, "चालन. पण मामाजी, मंग काम करा लागन. दहाही पोरायच्या घरी जाऊन आधारच्या झेरॉक्सा आणा उद्यापर्यंत. अन् नुसत्या झेरॉक्सा नाई. हरेक पोराच्या मायले इचारून आणा, तिले ही शाळा चालन का नाई. एखादी नाई म्हणाली तं तिच्या पोरायची नावं मी काढून टाकीन."

पट पुन्हा दहाच्या खाली जाऊ शकत होता. पुंडलिकरावांना ते कळत होतं.

"हव जी, अध्यक्ष," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतो आहे, म्हणून लोक हसले. फक्त अनुसयाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याला चाळीस वर्षं ओळखत होत्या.